नोटीस, चॅप्टर आणि तडीपारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वसई-विरार भागात एखादा मोर्चा जाहीर झाला, की आदल्या दिवशी संध्याकाळी मोर्चाच्या पुढाऱ्यांच्या घरी पोलीस शिपाई येतो. त्याच्या हातात एक पानी नोटीस असते. मोर्चामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवल्यास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल आणि ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल, असे तीत लिहिलेले असते. सही करून एक प्रत ठेवून घ्यायची, एवढेच काम. पण शिपाई गेल्यावर घरात जी शांतता पसरते, तिचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांनाच ठाऊक. म्हातारे वडील म्हणतात, "कशाला हवेत हे उद्योग?" बायको काही बोलत नाही; पण मुलाच्या नोकरीच्या वेळी पोलिसांचा दाखला लागेल, हा विचार तिच्या मनात येऊन गेलेला असतो.

गेली अनेक वर्षे वसईच्या न्यायालयात वकिली करताना अशा नोटिसा मी पुष्कळ वाचल्या. त्या घेऊन येणाऱ्यांत पाण्यासाठी मोर्चा काढणारे होते, जमिनीसाठी भांडणारे आदिवासी होते, वाळूउपशाविरुद्ध तक्रार करणारे होते. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असे: "वकीलसाहेब, आता मला आत टाकणार का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे असते. पण ते उत्तर मिळेपर्यंत नोटिशीने आपले काम केलेले असते. पुढच्या मोर्चाला तो माणूस चार वेळा विचार करून येतो, आणि त्याच्याबरोबर येणारे दहाजण येतच नाहीत.

म्हणून आज आपण ही हत्यारे एकेक करून पाहू. ती कुठून आली, त्यांना कायद्याचा आधार किती आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे सामान्य माणसाला माहीत असले, तर निम्मी भीती तिथेच कमी होते.

बंदोबस्त वेगळा, पाळत वेगळी

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोर्चाला पोलीस हजर असणे यात गैर काही नाही. ते त्यांचे कामच आहे. कधी कधी पोलीस शेजारी असणे हे कार्यकर्त्यासाठी संरक्षणही असते. हरित वसईची चळवळ उभी करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना धमकीचे फोन आले. अशा वेळी पोलीस सोबत असावेत असेच कोणीही म्हणेल.

गुन्हेगारावर नजर ठेवणे हेही पोलिसांचे काम आहे. जमिनींचे भाव वाढू लागल्यापासून आपल्या भागाने गुंडगिरी आणि खून पाहिले आहेत. तेव्हा पोलिसांनी माहिती काढूच नये, असे वसईकर तरी म्हणणार नाही.

प्रश्न सुरू होतो तो नजरेची दिशा बदलल्यावर. ज्याने गुन्हा केलेला नाही, करण्याचा विचारही नाही, फक्त सरकारला अडचणीचे प्रश्न विचारतो, अशा माणसाच्या घरी कोण येते, तो कोणाशी फोनवर बोलतो, सभेत काय म्हणतो, याच्या नोंदी ठेवणे ही पाळत झाली. आणि 'आम्ही नोंद ठेवतो आहोत' हे त्याला मुद्दाम कळू देणे, हा झाला धाक. पाळत गुप्त असते, धाक उघड असतो. बहुतेक ठिकाणी ही दोन्ही कामे एकाच खात्याच्या हातात असतात.

टिळकांचा जामीन

हे आजचे नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या पोलिसांचे गुप्त अहवाल नियमाने वर जात. कोणत्या गावात कोणाची सभा झाली, किती लोक आले, कोण काय बोलले, सगळे त्यांत असे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेच या दप्तरातील निवडक कागद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पहिला खंड १९५७ साली आला, दुसरा १९५८ साली. दुसऱ्या खंडात १८८५ ते १९२० या काळातले कागद आहेत. ज्यांच्यावर पाळत होती त्यांचा इतिहास आज आपण पाळत ठेवणाऱ्यांच्या वहीतून वाचतो.

यातले एक प्रकरण आजच्या विषयाला अगदी जवळचे आहे. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी बेळगाव आणि नगर येथे स्वराज्यावर भाषणे केली. सभेत सरकारी लघुलेखक बसलेला होता. त्याने टिपून घेतलेल्या भाषणांचे इंग्रजी भाषांतर झाले आणि २३ जुलै १९१६ रोजी, टिळकांच्या साठीचा समारंभ पुण्यात चालू असताना, त्यांच्या हातात नोटीस ठेवण्यात आली. तिचा अर्थ असा, की वर्षभर चांगली वर्तणूक ठेवण्याबद्दल वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा. त्या काळचे वीस हजार! जिल्हा दंडाधिकाऱ्याने तसा हुकूमही काढला. टिळकांतर्फे बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. सुटे वाक्य उचलून चालणार नाही, भाषण सगळे मिळून काय सांगते ते पाहिले पाहिजे, असा न्यायमूर्तींचा दृष्टिकोन होता.

इथे लक्षात घ्यायचे ते हे, की टिळकांवर या प्रकरणात गुन्ह्याचा खटला भरलाच नव्हता. 'तू पुढे काही तरी करशील' या अंदाजावर पैशाची आणि तुरुंगाची भीती घालण्याची ती पद्धत होती. ती पद्धत साहेबाबरोबर गेली नाही.

तलवाड्याची रात्र

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. १९४५ साली डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे त्यांचे नेते. मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही, असे त्यांनी ठरवले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जे घडले, ते गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितले आहे. बाईंची सभा आहे, तिच्यावर हल्ला होणार आहे, काठ्या घेऊन या, अशी अफवा पाड्यापाड्यांतून पसरवण्यात आली. हजारो वारली रात्री तलवाड्याला जमले. दुसरीकडे, वारली दंगा करायला जमलेत अशी खबर पोलिसांकडे गेली. पोलीस आले आणि गोळीबार झाला. पाच आदिवासी मेले. त्यांत जेठ्या गांगड हा तरुण होता.

पाळतीचा आणि खबरीचा विचार करताना मला ही घटना नेहमी महत्त्वाची वाटते. खबर कोणी दिली, त्यात त्याचा स्वार्थ काय, ही शहानिशा न करता बंदूक चालली की काय होते, ते तिथे दिसले. ज्यांची वेठ बंद होणार होती, त्यांचाच सरकारदरबारी कानाशी संबंध होता. आदिवासींचे म्हणणे ऐकायला मात्र कोणी नव्हते.

त्यानंतर परुळेकरांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तरी हद्दपारीचे शस्त्र म्यान झाले नाही. स्वतः तुरुंगवास भोगलेल्या मंडळींच्या हातात ते आले आणि त्यांनीही ते वापरले. सत्ता बदलली की पाळत संपेल, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वेठबिगारी मात्र राहिली. १९७६ साली ती कायद्याने रद्द झाली, तरी वसई तालुक्यातच विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटनेमार्फत ऐंशीच्या दशकात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढावे लागले. त्या कामाबद्दल त्यांना १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. म्हणजे जो कायदा सरकारने स्वतः केला, तो अमलात आणा म्हणणाराच इथे 'अशांतता माजवणारा' ठरत होता.

नोटीस म्हणजे काय?

सुरुवातीला सांगितलेली नोटीस अजूनही सगळीकडे '१४९ ची नोटीस' म्हणून ओळखली जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेतले ते कलम. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम १६८ झाले. गंमत अशी, की या कलमात 'नोटीस' हा शब्दच नाही. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी मध्ये पडावे, एवढेच ते सांगते. म्हणजे ते पोलिसांवर कर्तव्य घालते. तुमच्यावर शिक्षा घालत नाही. ती नोटीस मिळाली म्हणून तुम्ही आरोपी होत नाही, आणि शांततेच्या सभेचा तुमचा हक्क तिने संपत नाही.

जमावबंदीचा हुकूम मात्र वेगळा असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली तो काढतात आणि तो मोडल्यास शिक्षा आहे. शासनाच्या मंजुरीशिवाय असा जमावबंदीचा हुकूम पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. पण पंधरवडा संपला की नवा निघतो, तो संपला की आणखी एक. असे हुकूम एकामागून एक लावून ठेवले की प्रत्येक सभा ही परवानगीची भीक होऊन बसते.

तिसरा प्रकार प्रतिबंधक अटकेचा. जुने कलम १५१, नवे १७०. मंत्री येणार असले की कार्यकर्त्यांना सकाळीच उचलतात आणि मंत्र्यांची गाडी गेली की संध्याकाळी सोडतात. कायदा म्हणतो, दखलपात्र गुन्ह्याचा बेत आहे आणि तो दुसऱ्या कोणत्याही मार्गाने रोखता येणार नाही, असे दिसले तरच ही अटक करावी. आणि अन्य कायद्याचा आधार नसेल तर चोवीस तासांवर ठेवता येत नाही. काळे झेंडे दाखवण्याचा विचार हा दखलपात्र गुन्ह्याचा बेत कसा होतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

चॅप्टर

आपल्याकडे पोलीस म्हणतात, "तुझ्यावर चॅप्टर लावतो." शब्द कुठून आला? फौजदारी संहितेच्या आठव्या प्रकरणावरून, म्हणजे चॅप्टरवरून. शांतता राखण्यासाठी आणि चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन घेण्याची तरतूद त्या प्रकरणात होती. टिळकांवर लावला तो याच कुटुंबातला. नव्या संहितेत हे नववे प्रकरण आहे. लोकांच्या तोंडी मात्र चॅप्टर तो चॅप्टरच.

यात कार्यकारी दंडाधिकारी तुमच्याकडून बाँड घेऊ शकतो. शांततेचा बाँड एक वर्षापर्यंत, आणि सराईत गुन्हेगाराकडून घ्यायचा तो तीन वर्षांपर्यंत. तो देण्यास नकार दिल्यास तुरुंग. म्हणूनच कायद्याने पायऱ्या घालून दिल्या आहेत. आधी लेखी आदेश निघाला पाहिजे, त्यात तुमच्याविरुद्धची माहिती काय आहे याचा सारांश हवा, मग चौकशी, साक्षीपुरावा, तुमचे म्हणणे, आणि साधारण सहा महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात काय होते? छापील नमुन्यातली रिकामी जागा भरून नाव लिहिलेले असते. माहितीचा सारांश म्हणजे 'इसमाच्या वर्तनात सुधारणा नाही' एवढे एक वाक्य. आणि माणूस तारखांना हेलपाटे घालत राहतो. रोजंदारीवर जगणाऱ्याचा तारखेचा दिवस म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

आपल्या भागासाठी यात एक महत्त्वाची भर पडली आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. गुन्हेगारीला आळा घालायला मनुष्यबळ वाढले, हे चांगलेच झाले. पण आयुक्तालय झाले की तहसीलदार-प्रांतांकडे असणारे यातले पुष्कळसे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे येतात. अहवाल देणारे पोलीस आणि त्या अहवालावर सुनावणी घेणारा अधिकारीही पोलीस. तहसीलदार काही न्यायाधीश नव्हता, हे मान्य. तरी तो निदान वेगळ्या खात्याचा होता.

काठापलीकडे

सगळ्यांत जड हत्यार तडीपारीचे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ५५ ते ५७ या कलमांत ते आहे. टोळी, हिंसक गुन्ह्यात गुंतलेला इसम किंवा पूर्वी शिक्षा झालेला इसम यांना जिल्ह्याबाहेर, लगतच्या जिल्ह्यांबाहेरही, जास्तीत जास्त दोन वर्षे घालवता येते. साक्षीदार भीतीपोटी उघड पुढे येत नाहीत, हे यामागचे कारण. त्यामुळे साक्षी गुप्तपणे घेतल्या जातात आणि त्या कोणी दिल्या, हे तुम्हाला सांगत नाहीत.

खंडणीखोराच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. पण मोर्चे काढल्याचे गुन्हे मोजून कार्यकर्त्याला तडीपारीची नोटीस येते, तेव्हा काय होते ते पाहा. वसईच्या माणसाला पालघर, ठाणे आणि मुंबईतून काढले म्हणजे त्याची वाडी सुटली, नोकरी सुटली, विरारची लोकल सुटली. घरी आई आजारी असली तरी परवानगीशिवाय यायचे नाही. शिक्षा झालेला कैदी निदान कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगतो ते त्याला माहीत असते.

जालन्याच्या एका प्रकरणात, दीपक डोंगरे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तडीपारीचा हुकूम रद्द केला. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याच्या मूलभूत हक्कावर तो घाला घालतो, म्हणून तो जपून वापरला पाहिजे आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत लावायची तर त्याची कारणे दिसली पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. तडीपारीच्या हुकमाविरुद्ध तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. हे तीस दिवस वाया घालवू नयेत.

फोन कोण ऐकतो?

आतापर्यंतची हत्यारे डोळ्यांना दिसणारी. फोन ऐकला जातो तेव्हा काहीच कळत नाही. १८८५ च्या तार कायद्यात सरकारला हा अधिकार होता. त्याचा सर्रास वापर होतो, म्हणून पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. फोनवरचे संभाषण हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, गृहसचिवाच्या आदेशाशिवाय ते ऐकता येणार नाही, आदेश दोन महिने चालेल, फार तर सहा महिन्यांपर्यंत वाढेल, आणि वरिष्ठ सचिवांची समिती त्याचा आढावा घेईल, असे न्यायालयाने ठरवून दिले. योगायोग असा, की अटक करताना पोलिसांनी पाळायचे नियम घालून देणारा डी. के. बसू खटल्याचा निकालही त्याच दिवशी लागला.

आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. पण सांगाडा तोच. आदेश देणारे सचिव, तपासणारेही सचिव. न्यायाधीश कुठेच नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही काही कळवले जात नाही. जे कळतच नाही, त्याविरुद्ध दाद मागणार कशी?

कळले, तर काय होते त्याचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयानेच घालून दिले. विनीत कुमार प्रकरणात ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि त्यातून मिळवलेली संभाषणे नष्ट करायला सांगितली. प्रकरण लाचेचे होते, तरीही न्यायालय म्हणाले, की सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण दिसले पाहिजे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला होता, त्याच पायावर हा निकाल उभा आहे.

आणि कार्यकर्त्यांचेच काय, पुढारीही सुटत नाहीत. नाना पटोले यांचा फोन २०१७-१८ च्या सुमारास 'अमजद खान' या नावाने ऐकला गेल्याचे प्रकरण २०२१ साली विधानसभेत गाजले. त्या प्रकरणी नोंदवलेले गुन्हे पुढे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले, हेही सांगितले पाहिजे. पण आमदार-खासदारालाच आपला फोन कोण ऐकतो हे वर्षांनुवर्षे कळत नसेल, तर वाडीत राहणाऱ्या कार्यकर्त्याला कसे कळावे?

फोन ऐकण्याच्या पलीकडे तंत्रज्ञान गेले आहे. पेगासस नावाच्या प्रणालीने अख्खा फोनच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपने ज्या भारतीयांना सावध केले, त्यांत भीमा-कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते होते. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक प्रणाली सापडली. ती पेगाससच आहे असे निश्चित सांगता आले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले. त्याच भीमा-कोरेगाव खटल्यातले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्याआधीच, मुंबईच्या रुग्णालयात वारले. ते ८४ वर्षांचे होते. वसईतल्या अनेक घरांत त्या दिवशी प्रार्थना झाली, ती मला आठवते.

दुसऱ्यांनी काय केले?

हे दुखणे केवळ आपलेच नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन एफबीआय ऐकत होती. १९६४ साली त्यांना एक निनावी पत्र पाठवण्यात आले. त्यात त्यांच्या खासगी आयुष्याबद्दलची धमकी होती. हे सगळे उघडकीला कसे आले? मार्च १९७१ मध्ये काही सामान्य नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या एफबीआयच्या एका छोट्या कचेरीतून कागद पळवले आणि वर्तमानपत्रांना दिले. पुढे १९७५ मध्ये तिथल्या सिनेटने समिती नेमली, गुप्तचर अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावले आणि १९७८ साली काही प्रकारच्या पाळतीसाठी न्यायालयाची परवानगी सक्तीची केली. पाळत संपली असे नाही. पण निवडून आलेल्या लोकांनी आपल्याच गुप्तचरांना जाब विचारला, हे तिथे घडले. आपल्याकडे संसदेची किंवा विधिमंडळाची अशी कायम समिती अजून नाही.

उलट कायदे वाढत आहेत. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. संघटनाच बेकायदा ठरवण्याचा अधिकार त्यात आहे. नक्षलवादाविरुद्ध म्हणून ते आणले गेले. पण व्याख्या सैल असली की हत्यार कोणाच्या हातात जाईल आणि कोणावर चालेल, याची खात्री कोण देणार? आपल्याच पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. देशभर ओरड झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला मागे पडला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. ते कलम करतानाही आम्ही ते जपून वापरू, असेच सांगितले गेले असणार.

आपण काय करावे?

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, काहीही तोंडी स्वीकारू नका. "साहेबांनी बोलावलंय" या निरोपावर चौकीत जाऊ नका, लेखी मागा. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठीपुढची माणसे आणि अपंग यांना पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या राहत्या घरी जावे लागते.

दुसरी, नोटिशीला सही करा, पण तारीख आणि वेळ घाला, प्रत ठेवून घ्या आणि लेखी उत्तर द्या. आमची सभा शांततेची आहे, वेळ-ठिकाण हे, स्वयंसेवक इतके, असे चार ओळींचे उत्तर पुढे फार कामाला येते. पुराव्यासाठी तुमच्याकडेही कागद होतो.

तिसरी, चॅप्टरच्या तारखेला एकटे जाऊ नका. वकील परवडत नसेल, तर वसईच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. आदेशात माहितीचा सारांश नसेल, तर पहिल्याच तारखेला तशी हरकत लेखी नोंदवा.

चौथी, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी: ज्याला नोटीस आली त्याच्या घरी जा. नोटिशीचा खरा परिणाम न्यायालयात होत नाही, शेजारात होतो. 'त्याच्याकडे पोलीस येतात' एवढे कानावर आले की लोक त्याच्या ओट्यावर बसायचे बंद होतात, दुकानदार उधार देताना कुरकुरतो, मुलीच्या सोयरिकीची गोष्ट लांबते. त्याला जिल्ह्याबाहेर काढायला हुकूम लागतो. वाळीत टाकायला आपणच पुरेसे असतो.

वसईतली हिरवाई टिकावी म्हणून, गावे महापालिकेत घालू नयेत म्हणून, वेठबिगारी सुटावी म्हणून या भागातली माणसे रस्त्यावर आली. त्यांच्या सगळ्याच मागण्या बरोबर होत्या, असे माझे म्हणणे नाही. तुम्ही महापालिकेच्या बाजूचे असाल, तेही दुसऱ्यांच्या विरोधाचे असाल. पण ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याला न घाबरता बोलता आले पाहिजे, एवढे तरी आपण सगळ्यांनी मान्य करायला हरकत नसावी. उद्या आपल्या गल्लीत पाणी आले नाही, तर पहिला अर्ज लिहायला तोच माणूस लागणार आहे.